काकूंना दिसेल असा समुद्र

शिक्रापुरात खोली शोधायला निघालं की घरमालकांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या कंपनीत, शिफ्ट कुठली, मटण-मच्छी करता का, आणि खोली मागणारी मुलगी असली तर भेटायला कोण कोण येणार. मी अकोल्याहून नवी नवी नोकरीला आले होते आणि दिवसभर दारं हिंडून ही उत्तरं मला तोंडपाठ झाली होती. हायवेपासून जरा आत, ट्रकांचे हॉर्न थोडे कमी ऐकू येतात अशा ठिकाणी ओळीत बांधलेल्या खोल्या दिसल्या. समोरच्या ओट्यावर पायजमा-बनियनमधले, रुंद खांद्यांचे एक गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. मी कंपनीचं नाव सांगायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि विचारलं, "पवायला येतंय का?"

पोहायला येत नाही, असं मी सांगितलं. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, पोहणार कशात?

"मग शिकावं लागंल. न्हाई शिकायचं तर खोली न्हाई."

नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मला इतका घाम फुटला नव्हता. तेवढ्यात आतून काकू आल्या. पोरींना मीच पाण्यात उतरवते, हे नुसते लांबून ओरडतात, असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. खोली ठरली. त्या गृहस्थांनी, म्हणजे आप्पांनी, अनामत रक्कम, आधार कार्ड वगैरे पुढे कधीतरी घेतलंही असेल, पण त्यांच्या लेखी खरा करारनामा पोहण्याचा होता.

खोल्यांच्या मागे विहीर होती. घडीव दगडांची, एका अंगानं तळापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली. एकेकाळी तिच्याभोवती कांदा आणि ऊस होता. आता चारी बाजूंनी इमारती आल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि विहीर बुजवून तिथं आणखी खोल्या काढा असं आप्पांचा मुलगाही सांगून थकला. आप्पा ऐकून घेत आणि संध्याकाळी विहिरीतला पालापाचोळा काढायला जात.

रविवारी सकाळी शाळा भरे. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि पायरीवरून पाण्यात. दोराचं दुसरं टोक काकूंकडे. त्या काठावर एका ठरलेल्या दगडावर बसत, भाजी निवडत, पण दोर पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेला असे. मी पहिल्या दिवशी इतकी किंचाळले की शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. आप्पा वरून शांतपणे म्हणाले, "अकोला, पाण्याशी भांडू नगं. त्याला घाई न्हाई."

होय, अकोला म्हणजे मीच. आप्पा भाडेकरूंना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. ओट्यावर बसून ते "ए लातूर, मोटार बंद कर" किंवा "बिहारला म्हणावं च्या झालाय" असं ओरडत, तेव्हा एखादा नवखा माणूस चक्रावून जाई. त्यांची माणसं जोखायची रीतही एकच होती. ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या एका दांडग्या पुढाऱ्याबद्दल ते म्हणाले होते की, त्याला काय मत द्यायचं, त्याला गुडघाभर पाण्यात हात धरायला माणूस लागतो. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी कांदेपोहे व्हायच्या आतच विहीर दाखवली. मुलगा डॉक्टर होता, पण त्यानं सूर मारला तो इतका सरळ की आप्पांनी तिथंच पसंती देऊन टाकली. पुतणीला विचारायचं राहिलं होतं, ते काकूंनी नंतर विचारलं. पेपर आला की ते फक्त धरणांच्या साठ्याचा चौकोन वाचत आणि चासकमान भरलं की घरातलंच कुणी पास झाल्यासारखे खूश होत.

मला हे सगळं मजेचं वाटे. म्हातारा छंदिष्ट आहे, एवढाच माझा निष्कर्ष होता. एकदा काकूंबरोबर काठावर मेथी निवडत बसले असताना मी त्यांना विचारलं की ही पोहण्याची अट आली कुठून. काकूंनी विहिरीकडे बघत मला सगळं सांगितलं.

आप्पा तरुण असल्यापासून दम धरण्यात पटाईत. केडगावच्या बाजूला काकूंचं माहेर, तिथपर्यंत त्यांची ख्याती. कुणाच्या विहिरीत कळशी पडली, मोटारीचा फुटबॉल, म्हणजे तिच्या पाइपाच्या तोंडाची झडप, निसटला की आप्पांना बोलावणं यायचं. लग्नानंतर दोर धरायला काकू जायला लागल्या, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायला त्या तयार नव्हत्या. आप्पा वर आले की त्या विचारायच्या, "घावलं का?" आप्पा म्हणायचे, "घावलं." पण विहिरीत नुसत्या कळशा पडत नाहीत. हळूहळू दुसरीही बोलावणी येऊ लागली. कुणाची सून, कुणाचा म्हातारा. अशा वेळी गाव काठावर उभं असायचं, आणि काकूंचा प्रश्न मात्र तोच असायचा, कारण दुसरं काय विचारणार.

आणि मग या खोल्या बांधल्यावर पहिला जो भाडेकरू आला, तोही बिहारचाच, विशीतला, तो सुट्टीच्या दिवशी आंघोळीला पायऱ्या उतरला. पायरी शेवाळलेली होती. त्याला पोहता येत नव्हतं आणि ते कुणी विचारलंही नव्हतं. आप्पांनीच त्याला वर आणलं. "त्या दिवशी मी इचारलं न्हाई," काकू म्हणाल्या, "आन् त्येंनी सांगितलं न्हाई." लोक म्हणाले विहीर बुजवा, अपशकुनी आहे. आप्पांचं म्हणणं पडलं की विहिरीचा काय दोष, दोष न विचारणाऱ्याचा. तेव्हापासून पहिला प्रश्न तो. त्यानंतर आप्पांना मी छंदिष्ट म्हटलं नाही.

समुद्राचं खूळ शिरलं ते नांदेडमुळे. नांदेड हा माझ्या आधीचा भाडेकरू, याच विहिरीत पोहायला शिकला आणि नोकरीनं हॉलंडला गेला. तिथं त्याला पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचा नाद लागला. त्यानं फोनवर आप्पांना एक व्हिडिओ पाठवला. निळं पाणी, त्यात पिवळे-जांभळे मासे, आणि मधून मजेत तरंगत चाललेला नांदेड. आप्पांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की काकूंनी फोन लपवून ठेवला. मी सहज विचारलं की यात एवढं काय आहे. आप्पा म्हणाले, "अकोला, मी पाण्याखाली डोळं उघडलं ते कायम बुडालेलं हुडकाया. एकदा काय बी न हुडकता नुसतं बघायचंय."

त्या वाक्यावर सगळ्या खोल्या कामाला लागल्या. पहिली स्वारी कोकणात निघाली. मालवणकडे टाकी बांधून पाण्यात नेतात असं लातूरनं शोधून काढलं आणि आम्ही गाडी करून गेलो. आप्पा बोटीत बसले, बोट निघाली. काकू आणि मी किनाऱ्यावर. पिशवीतून काकूंनी दोर काढला. घरून आणला होता. बोटवाल्यानं तो नको म्हटल्यावर त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बोटीवर नजर लावली. पण तिथं तशाच दहा बोटी होत्या, आणि थोड्या वेळानं आपली कुठली ते मलाही कळेना. काकू उठल्या आणि लुगड्यासकट पाण्यात शिरल्या, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मी हात धरून ठेवला होता. बोट परत आली तेव्हा आप्पांनी लांबूनच त्यांना तसं उभं पाहिलं.

येताना त्यांनी गाडीत जाहीर केलं की बोट आपल्याला सोसत नाही, मळमळलं, म्हणून पाण्यात उतरलोच नाही. पण मी बोटवाल्याला विचारलं होतं. आजोबा अगदी मजेत होते, सगळ्यांची भेळ त्यांनीच संपवली, फक्त उतरायच्या वेळी मागं वळून किनारा बघत बसले आणि नको म्हणाले. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आता प्रश्न उभा राहिला तो बोटीशिवायच्या समुद्राचा. किनाऱ्यावरून चालत उतरायचं आणि चालत वर यायचं, विहिरीच्या पायऱ्यांसारखं. नांदेड म्हणाला, अशा जागा कॅरिबियन बेटांवर आहेत. तिकीट काढायला तो तयार होताच. वेस्ट इंडीज म्हटल्याबरोबर ओट्यावर सगळ्यांना क्रिकेट आठवलं. आप्पांनी रेडिओवर कॉमेंट्री ऐकून कमावलेला सगळा भूगोल बाहेर काढला आणि जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा अशी नावं केडगाव-यवतच्या सुरात घ्यायला लागले. रोज संध्याकाळी सभा भरे. नांदेड फोनवर दिसे, बाकीचे भोवती, आणि मी वाचून सांगायला. एकेक बेट निकालात निघत गेलं. कुठं चांगलं बघायचं तर बोटच लागते. कुठं काठावरून जाता येतं पण वादळांचा भरवसा नाही. शेवटी दोन उरली, क्युरासाओ आणि बोनेर. दोन्ही वादळांच्या वाटेपासून खाली, दोन्हीकडे डचांचं राज्य. तिथं क्रिकेटचं काही नाव नाही म्हटल्यावर आप्पांना जरा संशय आला, पण त्यांनी तेवढं चालवून घेतलं.

आप्पांचा ओढा क्युरासाओकडे होता. तिथं लहान लहान वाळूच्या खाड्या आहेत, काठाला सावली, खुर्च्या. त्यांचा प्रत्येक प्रश्न काठाबद्दलच असे. ऊन किती, बसायला काय, काठावरून पाणी कुठवर दिसतं. नांदेड माशांबद्दल सांगू लागला की ते म्हणत, मासे असू दे, काठाचं सांग. काकूंचं उलटं. त्या चहा देता देता विचारत की ह्यांना लांब पोहत जायला न लागता जास्त कुठं दिसेल. ते बोनेरला, नांदेड म्हणाला. तिथं बेटाच्या शांत अंगाला रस्ता काठानंच जातो आणि काठापासून थोडं आत गेलं की लगेच प्रवाळाचा उतार. माणसं पिकअप भाड्यानं घेतात, मागं हवेच्या टाक्या टाकतात, वाटेल तिथं थांबतात आणि चालत पाण्यात शिरतात. पिकअपमध्ये टाक्या हे ऐकून ओट्यावर हशा पिकला, कारण आमच्याकडे रोज सकाळी दुधाचे कॅन तसेच जातात.

"आन् कुठं उतरायचं ते कसं कळतं?" काकूंनी विचारलं.

नांदेडनं फोटो दाखवला. रस्त्याच्या कडेला एक मोठा दगड, पिवळाधमक रंगवलेला, त्यावर जागेचं नाव. प्रत्येक जागेला असा दगड. काकूंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि नकळत दुसरा हात कपाळाशी गेला. रस्त्याकडेचा पिवळा दगड म्हणजे भंडारा लावलेला देव, हे जेजुरीच्या मुलखात वाढलेल्या बाईला कुणी शिकवायला लागत नाही. तो नुसता रंग आहे असं लातूर सांगायला लागला, पण मी त्याच्या पायावर पाय दिला.

आप्पा अजून खुर्च्यांपाशीच अडले होते. तेव्हा नांदेड सहज बोलून गेला की बोनेरला एक कडक नियम आहे, खाली कशाला हात लावायचा नाही आणि खालून काहीही वर आणायचं नाही, साधा शिंपलासुद्धा. आप्पांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

"खालून काय आणायचंच न्हाई, असा कायदा हाय?"

हो, म्हणाला नांदेड.

"मग ह्येच गाव," आप्पा म्हणाले आणि उठून विहिरीकडे गेले.

बेट ठरलं, पण त्याआधी टाकीचं शिक्षण पुरं करायचं होतं. पुण्याच्या एका पोहण्याच्या तलावात एक तरुण ट्रेनर बाई शिकवत होत्या. त्यांनी दाखला दिला नाही तर तिकडे कुणी आप्पांना पाण्यात उतरू देणार नव्हतं. डॉक्टरांनी तपासून छाती उत्तम आहे म्हटलं होतं, आप्पा ऐटीत होते. ट्रेनर बाईंनी पहिलाच नियम सांगितला की श्वास एक क्षणही रोखायचा नाही, रोखून वर आलं तर आतली हवा फुगून फुप्फुसं फाटू शकतात. आप्पांनी मान डोलावली, खाली गेले आणि सवयीनं दम धरून बसले. जन्मभर ज्याच्यासाठी शाबासकी मिळाली तेच त्यांनी मन लावून केलं.

वर पाण्यावर एक बुडबुडा नाही. ट्रेनर बाईंचा चेहरा पांढरा पडला आणि काकू माझ्या शेजारी निवांत बसलेल्या. मग बाईंनी खाली जाऊन खुणा केल्या, आप्पांनी श्वास सोडला आणि बुडबुड्यांचा लोट वर आला. बाई हसल्या, आणि काकू ताडकन उठून तलावात उतरल्या. कारण विहिरीत बुडबुडे म्हणजे दम सुटला, माणूस गेला, ओढा दोर. इतकी वर्षं त्या बुडबुड्यांनाच भीत आल्या होत्या. ओढा त्यांना वर, ओढा, असं म्हणत त्या छातीभर पाण्यात पोचल्या तेव्हा आप्पाच वर आले आणि विचारू लागले की झालं काय.

हे असं दोन-तीन वेळा झालं. बुडबुडे नसले की ट्रेनर बाई घाबरायच्या, असले की काकू. शेवटी बाईंनी हात टेकले. काका, तुमची सवय जात नाही, मी सही करू शकत नाही, असं त्या नम्रपणे म्हणाल्या. परतीच्या वाटेवर आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. एवढा मोठा माणूस इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

लोणीकंदच्या पुढे आल्यावर काकू बोलल्या. "वट्यावर बसून अख्ख्या गावाला नावं ठिवता, तवा कुठं दम धरता? तसंच खाली बी बोला की."

आप्पा रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर काय बघते, आप्पा कमरेपर्यंत पाण्यात उभे, डोकं पाण्याखाली, आणि आतून भाडेकरूंचा उद्धार चाललेला. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. बुडबुडे उकळत्या डाळीसारखे वर येत होते. काकू आपल्या दगडावर बसून बुडबुड्यांकडे बघत होत्या. बघता बघता त्या मला म्हणाल्या की आता लातूरला शिव्या चालल्यात वाटतं. मी विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी थोडा विचार केला. बोलणारा माणूस जिवंत असतो, म्हणाल्या.

पुढच्या खेपेला आप्पा तलावाच्या तळाशी नळी तोंडात धरून अखंड बडबडले. बाईंनी वर येऊन विचारलं की काका खाली काय म्हणत होते. मी म्हटलं, ते आपल्याला न कळलेलंच बरं. त्यांनी सही केली.

दोघं आधी हॉलंडला नांदेडकडे आणि तिथून त्याच्यासोबत बोनेरला गेले. व्हिडिओ नांदेडच्या बायकोनं काढला. मी तो कंपनीच्या कँटीनमध्ये, ताटावर हात सुकवत पाहिला. काठानं जाणारा रस्ता, रिकामी पिकअप, पिवळा दगड. दगडाशेजारी घडीची खुर्ची उघडून ठेवलेली आणि काकू तिच्यावर न बसता खाली काठावरच बसलेल्या. मांडीवर दोराचं वेटोळं. विमानातून तो कसा नेला ते मी विचारलं नाही.

आप्पा काळ्या पोशाखात, पाठीला टाकी, नांदेडचा हात धरून खडबडीत दगडांवरून जपून पाण्यात चालत गेले. छातीभर पाण्यात थांबले, मागं वळून पाहिलं. काकूंनी हात वर केला नाही, फक्त मान हलवली. मग डोकं दिसेनासं झालं. पाणी इतकं स्वच्छ की बुडबुडे काठावरून दिसत होते. दोन ठिकाणी येत होते, नांदेडचे एकसारखे आणि आप्पांचे घाईनं, भसाभसा. काकूंचं बोट त्यांच्यामागे चाललं होतं. नांदेडची बायको विचारत होती की आप्पांचे कुठले हो काकू, तर काकू म्हणाल्या, बडबडे आहेत ते. पुढे बुडबुडे लांब गेले आणि उन्हाच्या चमकेत मिसळले. काकू तिकडेच बघत राहिल्या. दोर हातात घट्ट होता.

व्हिडिओचा दुसरा तुकडा परतीचा. आप्पा पाण्यातून उभे राहिले, टाकीच्या ओझ्यानं वाकलेले, दगडांवरून एकेक पाऊल टाकत वर आले. तोंडावरची काच त्यांनी कपाळावर सरकवली. डोळे लाल होते, ते खाऱ्या पाण्यानं की कशानं, कोण जाणे. दोन्ही हात रिकामे होते आणि ते त्यांनी काकूंना दिसतील असे पुढे धरले होते.

काकूंच्या तोंडून सवयीनं गेलं, "घावलं का?"

आप्पा धाप टाकत हसले. "न्हाई गं. काय हुडकलंच न्हाई."

काकूंनी मांडीवरचा दोर उचलून बाजूला ठेवला आणि त्यांना बसायला जागा करून दिली.